टेक कंपनीतली नोकरी: नेमकं काय आवडतं आणि नेमकं काय डोक्यात जातं?

अर्धविराम
नोकरी बदलायचा विचार चाललाय, म्हणून हल्ली वेगवेगळ्या टेक कंपन्यांबद्दल त्यांच्याच कर्मचाऱ्यांनी निनावी लिहिलेले अभिप्राय वाचतेय. डोळे शिणले, हाती काही लागलं नाही. चांगल्या गोष्टींत सगळीकडे 'सहकारी चांगले, शिकायला मिळतं, वेळेची सक्ती नाही'. वाईटात 'मॅनेजमेंट, राजकारण, पगारवाढ'. कंपनीचं नाव झाकलं तर कुठला अभिप्राय कुणाबद्दल आहे ते ओळखता यायचं नाही.

म्हणून इथे विचारते. डेव्हलपमेंट, टेस्टिंग, सपोर्ट, डिझाइन, तुम्ही कशातही असा. एक आवडणारी आणि एक डोक्यात जाणारी गोष्ट सांगा, पण डोळ्यांसमोर उभी राहील अशी सांगा. अट एकच: 'कल्चर' हा शब्द वापरायचा नाही. आपापल्या कंपनीचं नावही नको, उगाच कुणाची नोकरी जायला नको.

काडेपेटी
आवडतं: पगार जमा झाल्याचा मेसेज.
नावडतं: त्यानंतर महिनाभर येणारे बाकीचे सगळे मेसेज.

निशाचर
काडेपेटी, सुरुवातच अशी, मग धागा कुठे जाणार ते दिसतंच आहे. :)

मी प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरतात ती चालू सिस्टिम, सांभाळणाऱ्या टीममध्ये आहे. ऑन-कॉलच्या (बिघाड झाला की केव्हाही धावायच्या पाळीच्या) आठवड्यात लॅपटॉप उशाशी. रात्री उठावं लागतं म्हणून आम्ही वैतागतो, असं लोकांना वाटतं. तसं नाही. खरंच काहीतरी पेटलेलं असतं, ग्राफ आडवा झालेला असतो, चार जण कॉलवर असतात, कुणी लॉग (सिस्टिमच्या नोंदी) चाळतंय, कुणी संध्याकाळी चढवलेला नवा कोड मागे घेतंय, आणि मग ती रेघ हळूहळू वर चढायला लागते. तेव्हा जी मजा येते ती दिवसाच्या कुठल्याच कामात नाही.

डोक्यात जातो तो प्रकार वेगळा. एका जुन्या सर्व्हरची डिस्क लॉगच्या फायलींनी भरते आणि अलर्ट वाजतो. उठायचं, जुने लॉग उडवायचे, झोपायचं. कायमचा उपाय म्हणजे लॉग रोटेट करायची (जुने आपोआप काढून टाकायची) दोन ओळींची सेटिंग. पण सर्व्हर दुसऱ्या टीमचा. त्यांच्याकडे तिकीट टाकलंय, ते दर स्प्रिंटला (कामाच्या ठरावीक आठवड्यांच्या टप्प्याला) पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकललं जातं, कारण नवं फीचर आधी. माझी झोप कुणाच्या तरी यादीत तळाला आहे हे मला दर वेळी नव्याने कळतं. आणि सकाळी स्टँडअपला (रोजच्या छोट्या बैठकीत) वर विचारणार, "काल काय केलंस?"

नवशिक्या
मी अजून वर्षाचाही झालो नाही या क्षेत्रात, तरी लिहितो. मला कोड रिव्ह्यू (एकाचा कोड दुसऱ्याने तपासणं) आवडतो आणि कोड रिव्ह्यूच डोक्यात जातो.

ट्रेनिंगनंतरच्या पहिल्या टीममध्ये एक ताई होत्या. 'हे बदल' असं त्या कधीच लिहायच्या नाहीत. 'ही यादी रिकामी आली तर काय होईल?' एवढंच विचारायच्या आणि इकडे मला घाम फुटायचा. कॉलेजात जे डोक्यात शिरलं नाही ते त्यांच्या प्रश्नांनी शिरलं.

आताच्या टीममध्ये पीआर (तपासून मुख्य कोडमध्ये घ्या म्हणून पाठवलेले बदल) टाकला की तो पडून राहतो. दोनदा आठवण केली की एक सर येतात, 'इथे एक स्पेस जास्त आहे' लिहितात आणि गायब. तोवर मेन ब्रँच (सगळ्यांचा मुख्य कोड) कुठल्या कुठे गेलेली असते आणि मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे माझ्या आणि इतरांच्या बदलांची टक्कर, सोडवत मी बसतो.

काडेपेटी
स्पेस दिसली म्हणजे पीआर उघडला तरी. आमच्याकडे चारशे ओळींच्या पीआरवर अर्ध्या मिनिटात अंगठा येतो. चार ओळींच्या पीआरवर मात्र महाभारत.

जुनं_खोड
या धंद्यात केस पांढरे झाले, म्हणून थोडं लांबण लावतो.

आवडणारी गोष्ट: कंपायलरला, म्हणजे आपला कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रॅमला, वशिला चालत नाही. त्याला माझं पद, वय, ओळखीपाळखी काही कळत नाही. चूक ती चूक. दिवसभर माणसांच्या गोलमोल बोलण्यातून सुटून त्या फटकळ प्राण्यासमोर बसलं की बरं वाटतं. मोठ्या हुद्द्यावर न जाण्याचं माझं कारण एवढंच.

नावडती गोष्ट: बेल कर्व्ह, म्हणजे ठरलेल्या टक्क्यांनुसार चांगली-वाईट रेटिंग वाटणं. एका वर्षी आमच्या टीमने अशक्य वाटणारं मायग्रेशन (जुन्या सिस्टिमवरून नव्या सिस्टिमवर जाणं) वेळेत केलं. आठ जण, आठही जीव तोडून राबलेले. अप्रेझलला सांगितलं, एकाला खालचं रेटिंग द्यावंच लागेल, वरून कोटा आहे. ते कुणाला मिळालं? ज्याने पडद्यामागचं सगळ्यात किचकट, डेटा जुळवण्याचं काम केलं होतं त्याला. त्याचं काम डेमोत दिसत नव्हतं ना! पुढच्या तिमाहीत तो गेला. त्याच्यानंतर ती स्क्रिप्ट कुणालाच कळेना.

जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांच्या काळात २०-७०-१० अशी वर्गवारी गाजली. वरच्या २० टक्क्यांना डोक्यावर घ्या, खालच्या १० टक्क्यांना दार दाखवा. मग सगळ्यांनी तीच उचलली. मायक्रोसॉफ्टने तसली सक्तीची वर्गवारी २०१३च्या नोव्हेंबरात बंद केली, पण आमच्यासारख्या ठिकाणी ती नाव बदलून नांदतेय.

टेस्टवाली
जुनं_खोड, डेमोत न दिसणारं काम म्हणालात आणि काळजाला हात घातलात. आम्ही अख्खी जमातच डेमोत दिसत नाही.

दुसरी_बाजू
मी मॅनेजर आहे, तेव्हा चपलांचा हार स्वीकारायला तयार होऊनच लिहितेय.

रेटिंग ठरवायच्या बैठकीत काय होतं ते सांगते. पडद्यावर एक शीट असते. प्रत्येक मॅनेजर आपापल्या माणसांची बाजू मांडतो. ज्याला बोलता येतं त्याच्या टीमला चांगली रेटिंग मिळतात, हे खरं आहे. पगारवाढीचा आकडा आधीच ठरलेला असतो, त्यामुळे एकाला वर ढकललं की दुसरा खाली येतो. मी तिथे एका मुलीसाठी तासभर भांडले आणि हरले. दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर बसून तेच रेटिंग 'माझं मत' म्हणून समजावून सांगितलं, कारण 'वरून आलंय' असं म्हणायची आम्हाला मुभा नसते. हीच माझी नावडती गोष्ट.

आवडणारी: कुणीतरी पहिल्यांदाच डिझाइनच्या चर्चेत सीनियरला "नाही, हे चालणार नाही" म्हणतं आणि त्या म्हणणाऱ्याचंच बरोबर निघतं, तो क्षण. शेवटी टीमचं कल्चर म्हणजे तरी

काडेपेटी
दंड! दंड! दंड!

दुसरी_बाजू
मोबाइलवरून लिहिताना अर्ध्यातच प्रकाशित झालं, आणि नेमकं त्याच शब्दावर. देव आहे.

कळफलक
दुसरी_बाजू, प्रामाणिकपणा आवडला, पण एक विचारतो. तुमच्या जमातीची गरजच काय? टीम स्वतःचं काम ठरवते, तिकिटं बोर्डावर दिसतात, कोड गिटमध्ये आहे. मधला माणूस फक्त वरचं खाली आणि खालचं वर पोचवतो. माझी नावडती गोष्ट हीच, आणि तिचं दृश्य रूप म्हणजे माझं कॅलेंडर. दहा ते साडेदहा स्टँडअप, अकराला सिंक, साडेबाराला ग्रूमिंग, तीनला 'छोटासा कॉल'. मधल्या तुकड्यांत मी काय करणार? अवघड बग डोक्यात पूर्ण उतरेपर्यंत पुढच्या मीटिंगची घंटी. संध्याकाळी सगळे गेले की खरं काम सुरू.

आवडतं ते रिफॅक्टरिंग. कुणी सांगितलेलं नसताना जुना गुंता सोडवला, टेस्ट सगळ्या हिरव्या, आणि कोड निम्मा झाला. त्या दिवशी छान झोप लागते.

दुसरी_बाजू
कळफलक, तो प्रयोग करून झालाय. गूगलने २००२मध्ये इंजिनियरिंग मॅनेजर हा प्रकारच काढून टाकून पाहिला. काही महिनेच टिकलं. लोक खर्चाची बिलं आणि आपसातली भांडणं घेऊन थेट कंपनीचे सहसंस्थापक लॅरी पेज यांच्याकडे जायला लागले. पुढे २००८च्या सुमारास त्यांनी प्रोजेक्ट ऑक्सिजन या नावाने आपलाच डेटा तपासला, तर चांगल्या मॅनेजरच्या टीम खरोखरच जास्त समाधानी निघाल्या. चांगल्या मॅनेजरची जी आठ लक्षणं काढली त्यांत तांत्रिक ज्ञान शेवटी होतं. पहिल्या क्रमांकावर माणसाला घडवणं, दुसऱ्यावर त्याला मोकळं सोडणं, उठसूट नाक न खुपसणं.

कळफलक
वाचलंय. पण त्यातून 'चांगला मॅनेजर हवा' एवढंच सिद्ध होतं, 'मॅनेजर हवा' हे नाही. वाईट मॅनेजर आणि मॅनेजरच नाही यांत मी दुसरा पर्याय घेईन. बिलं मी स्वतः भरेन.

जुनं_खोड
कळफलक, बिलं भराल हो, पण क्लायंटने शुक्रवारी संध्याकाळी नवी मागणी टाकली की त्याला 'नाही' कोण म्हणणार? माझ्या सगळ्यात चांगल्या मॅनेजरबाईंनी मला काहीच शिकवलं नाही. त्या फक्त दारात उभ्या राहायच्या. काय काय आत येऊ दिलं नाही ते त्या गेल्यावर महिन्याभरात कळलं.

टेस्टवाली
माझं राहिलंच.

आवडतं: कुणाच्या ध्यानीमनी नसलेला बग पकडणं. एक फॉर्म होता, सगळं नीट चालायचं. मी नावाच्या जागी फक्त मोकळी जागा भरली आणि सेव्ह केलं. रेकॉर्ड तयार झालं, पण पुढे ते शोधताही येईना आणि पुसताही येईना. डेव्हलपर म्हणाला, "असं कोण करतं?" मी म्हटलं, "ग्राहक."

नावडतं: वेळेची उतरंड. रिक्वायरमेंट यायला उशीर, डिझाइनला उशीर, कोडिंगला उशीर, आणि रिलीजची तारीख मात्र दगडावरची रेघ. सगळ्यांनी खाल्लेला वेळ शेवटी आमच्या वाट्यातून वजा होतो. दोन आठवड्यांचं टेस्टिंग दोन दिवसांत करायचं आणि काही निसटलं की पहिला प्रश्न, "क्यूएने कसं नाही पाहिलं?"

नवशिक्या
ताई, आमच्याकडे तर म्हणतात आता सगळं ऑटोमेशन आणि एआयने होईल, वेगळे टेस्टर लागणारच नाहीत.

टेस्टवाली
होईल की. मीही एआयकडून टेस्ट केस लिहून घेते, कंटाळवाणा भाग पटकन उरकतो. पण कशाची भीती बाळगायची हे कुणीतरी ठरवावं लागतं. १ ऑगस्ट २०१२ला नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीने नवा कोड चढवला. आठ सर्व्हरपैकी एकावर तो चढवायचा राहिला. तिथे जुना, वर्षानुवर्षं न वापरलेला कोड जागा झाला आणि भलभलत्या ऑर्डरी सुटल्या. साधारण पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या आसपास नुकसान. कोडची चाचणी झाली असेलही, पण 'आठही ठिकाणी गेला का?' हा साधा प्रश्न राहिला.

काडेपेटी
पाऊण तासात एवढं नुकसान आमचं टाउनहॉलही (सगळ्या कंपनीची सभा) करतं, फक्त ते मोजत नाहीत. (हलके घ्या.)

वाचनमात्र
एरवी नुसता वाचत असतो, आज राहवलं नाही.

सगळे प्रतिसाद पुन्हा वाचून पाहा. आवडत्या गोष्टी: ग्राफ वर चढणं, रिव्ह्यूतले प्रश्न, कंपायलर, निम्मा झालेला कोड, पकडलेला बग. या सगळ्या कामाच्या आत आहेत. नावडत्या: पडून राहिलेलं तिकीट, रेटिंगचा कोटा, कॅलेंडर, रिलीजची तारीख. या कामाच्या भोवती आहेत. फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९५९मध्ये अगदी हेच मांडलं होतं. त्याने पिट्सबर्गच्या परिसरातल्या सुमारे २०० इंजिनियर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं, नोकरीत फार बरं वाटलं तो प्रसंग सांगा आणि फार वाईट वाटलं तो सांगा. बरं वाटण्यात तडीस नेलेलं काम, मिळालेली दाद, प्रत्यक्ष काम, जबाबदारी. वाईट वाटण्यात कंपनीची धोरणं, वरिष्ठांची देखरेख, पगार, कामाची परिस्थिती. त्याचं म्हणणं असं की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खटकणाऱ्या गोष्टी दूर केल्या तर माणूस कुरकुरायचा थांबतो, पण त्याने काम आवडायला लागत नाही.

म्हणूनच ऑफिसात टेबल टेनिस ठेवून काही होत नाही.

टेस्टवाली
वाचनमात्र, मुद्दा पटला, पण सवयीने खोट काढतेच. चांगलं झालं की 'मी केलं' आणि वाईट झालं की 'कंपनीने केलं' असं माणूस सांगणारच ना? हर्झबर्गवर ही टीका झालेलीच आहे. इथेही कुणी 'माझाच कोड भंगार होता' असं नावडत्या गोष्टीत लिहिलेलं दिसलं नाही.

वाचनमात्र
बरोबर. पण म्हणून निशाचर यांचं ते तिकीट खोटं ठरत नाही.

सदाफुली
मी टेक्निकल रायटर. एपीआयची (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलायच्या सोयीची) मॅन्युअलं लिहिते. धाग्यात लेऑफचा विषय अजून कसा निघाला नाही याचं आश्चर्य वाटलं.

२०२२च्या अखेरीपासून सगळ्यांनी बातम्या वाचल्याच आहेत. मेटाने त्या नोव्हेंबरात ११ हजारांहून अधिक लोक कमी केले, गूगलने २०२३च्या जानेवारीत सुमारे १२ हजार जाहीर केले. त्यांतल्या कित्येकांना ईमेलनेच कळलं. आमची कंपनी त्यांच्यापुढे चिमूटभर, पण पद्धत तीच. सकाळी एका सहकाऱ्याला शंका विचारायला चॅट उघडलं तर 'हे खातं निष्क्रिय आहे'. मला वाटलं पासवर्डची भानगड असेल. मग दुसरं नाव, तिसरं नाव. दुपारी सगळ्यांना मीटिंगचं आमंत्रण, विषय 'पुढील दिशा'. गेलेल्यांचं नाव कुणी घेतलं नाही. आणि त्यांच्या डोक्यात असलेली माहिती मी कुठून लिहायची? अर्धी पानं आजही 'अधिक माहितीसाठी अमुक यांना विचारा' असं सांगतात. तो अमुक आता दुसऱ्या कंपनीत आहे.

कपात करावी लागते हे मान्य. पण तासभर निरोप घ्यायला दिला असता तर सर्व्हर जळाले नसते.

आवडतं ते सांगते, नाहीतर धागा जड व्हायचा: गेलेले लोक अजून मला नव्या कंपनीतून फोन करून विचारतात, "ते पान तू किती सोपं लिहिलं होतंस, पाठवतेस का?"

निशाचर
सदाफुली, वाचून वाईट वाटलं. 'अमुक यांना विचारा' हे आमच्या रनबुकमध्येही (बिघाड झाला की काय करायचं ते लिहिलेल्या पानांत) आहे.

माणसाशी बरं वागण्याचं उलट उदाहरणही आहे. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कोड साठवायची सोय देणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनियरने रात्री थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची आज्ञा दिली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलं होतं. बॅकअपच्या बहुतेक सोयी चालतच नव्हत्या हेही तेव्हाच कळलं. योगायोगाने सहा तासांपूर्वीची एक प्रत होती, तिच्यावर निभावलं. त्यांनी काय केलं? डेटा परत आणण्याचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, घटनेचा सविस्तर अहवाल सगळ्यांसाठी खुला ठेवला, आणि प्रश्न 'कुणी केलं' याऐवजी 'बॅकअप चालत नाहीत हे आम्हाला कळलं कसं नाही' असा ठेवला. अशा ठिकाणी रात्री उठायला माझी हरकत नाही.

कळफलक
अवांतर: घरून काम या विषयावर कुणीच कसं भांडलं नाही? मी सुरुवात करतो. ऑफिसला बोलावण्यामागे 'एकत्र बसलं की कल्पना सुचतात' हे जे कारण देतात ते मला पटत नाही. बर्नस्टाइन आणि टर्बन या संशोधकांनी दोन कंपन्यांत मोजमाप केलं होतं, ते २०१८मध्ये प्रसिद्ध झालं. भिंती काढून मोकळं ऑफिस केल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल, चॅट वाढले. लोक कानाला हेडफोन लावून बसतात, आणखी काय!

नवशिक्या
मला मात्र ऑफिस हवं आहे. त्या ताई शेजारी बसायच्या म्हणून मी विचारू शकलो. चॅटवर 'एक शंका आहे' टाइप करतो, पुसतो, परत टाइप करतो आणि शेवटी स्वतःच शोधत बसतो.

जुनं_खोड
हे कुणी लक्षात घेत नाही. घरून काम आम्हा शिकून बसलेल्यांना सोयीचं. आमचं कुणीतरी शेजारी बसून शिकवून झालंय.

कळफलक
हा मुद्दा मान्य. पण मग आठवड्यातून दोन दिवस सीनियर लोकही त्याच दिवशी यायला हवेत. आमच्याकडे नवीन पोरं ऑफिसात येऊन घरी बसलेल्या सीनियरशी व्हिडिओ कॉल करतात.

अर्धविराम
दोन दिवस इकडे यायला जमलं नाही, आणि धाग्याने बाळसं धरलेलं दिसतंय. सगळ्यांचे आभार, काडेपेटी यांचेसुद्धा. पुढच्या आठवड्यात एक मुलाखत आहे. शेवटी ते विचारतात ना, "तुम्हाला काही विचारायचंय का?" तिथे या सगळ्यातलं काय विचारू, म्हणजे छापील उत्तर मिळणार नाही?

निशाचर
"शेवटचा मोठा बिघाड कधी झाला आणि त्यानंतर काय बदललं?" असं विचारा. 'आमच्याकडे बिघाड होत नाहीत' म्हणाले तर उठून या. ऑन-कॉल असेल तर आठवड्याला किती अलर्ट येतात आणि रात्री जागल्यावर सकाळी सुट्टी असते का, तेही. गूगलच्या एसआरई (सिस्टिम चालू ठेवणाऱ्या) टीममध्ये असल्या निस्तरण्याच्या कामाला निम्म्या वेळाची मर्यादा घातलेली आहे. तुमच्याकडे अशी काही मर्यादा आहे का, असं बिनधास्त विचारा.

दुसरी_बाजू
"माझ्या आधी या जागेवर कोण होतं आणि ते आता कुठे आहे?" याचं उत्तर देताना आम्ही मॅनेजर लोक जिथे अडखळतो तिथे लक्ष द्या. आणि होणाऱ्या मॅनेजरला एकटं भेटायला मागा. ते नाही म्हणाले तर तेही उत्तरच.

टेस्टवाली
रिलीजची तारीख शेवटची कधी पुढे ढकलली आणि ढकला म्हणणारं कोण होतं, हे विचार.

जुनं_खोड
शेअर देणार असतील तर कागद नीट वाचा. बहुतेक ठिकाणी चार वर्षांत हळूहळू हातात येतात आणि पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत सोडलं किंवा काढलं तर शून्य. ऑफरमधला आकडा बघून हुरळू नका. मूळ पगार किती ते पाहा, बाकीचं पावलं तर पावलं.

काडेपेटी
'अमर्याद रजा' असं लिहिलेलं असेल तर विचारा, तुम्ही स्वतः गेल्या वर्षी किती घेतल्या? आमच्या सरांनी याचं उत्तर रजेवर असताना दिलं होतं. मीटिंगमध्ये.

सदाफुली
काडेपेटी, हा हा! अर्धविराम, नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात वाचायला काय देतात ते दाखवायला सांग. मी तर आता त्यावरूनच कंपनी जोखते.

निशाचर
ताजा कलम: लॉग रोटेटचं तिकीट या स्प्रिंटमध्ये घेतलंय. काम कुणाला दिलंय, ओळखा.

काडेपेटी
तुम्हालाच.

निशाचर
अहो, पण त्या सर्व्हरवर लिहायचा अ‍ॅक्सेसच नाही मला. त्यासाठी वेगळं तिकीट टाकलंय.